पावसाच्या गावातले निवडुंग

नवापूरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका पडक्या कुंपणापाशी फड्या निवडुंगाचे जुने बेट होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी रात्रपाळी संपवून बोईसरहून घरी येताना मी तेथे थांबलो. फड्यांवर पांढऱ्या कापसाचे ठिपके दिसत होते. माझ्या कुंड्यांवर पिठ्या ढेकूण पडायचा, तोच इथेही आला असावा असे वाटून मी एक ठिपका चिमटीत चिरडला. बोटे लालभडक झाली. काटा टोचला म्हणून हात झटकला, पण जखम कुठेच नव्हती. दुसरा ठिपका चिरडला, पुन्हा तोच रंग. घरी येऊन साबणाने हात धुतले तरी नखांच्या कडा दोन दिवस गुलाबी होत्या.

तोपर्यंत मी कुंड्यांत काटेरी झाडे लावणारा एक हौशी माणूस होतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो आणि शिक्षण बारावीवर थांबलेले. त्या लाल बोटांनी मला वाचनालयात नेले. पुढची सगळी वर्षे मी जे शोधत राहिलो त्याचा हा लेखाजोखा आहे. निवडुंग, बाभूळ आणि त्यांची आपण ठेवलेली नावे, एवढाच त्याचा आवाका. मात्र यात माझी साठ-सत्तर झाडे मेली आहेत आणि एका झाडाच्या बाबतीत मी गुन्हेगार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तो लाल रंग कोचिनीलचा. फड्या निवडुंगाचा रस शोषून जगणारा हा खवलेकीटक, आणि मादीच्या अंगातला लाल रंग हे तिचे भक्षकांपासूनचे संरक्षण. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातले लोक स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून हा किडा निवडुंगावर पाळत आणि वाळवून रंग काढत. स्पेनने त्या व्यापारावर मक्तेदारी बसवली. इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल डगले याच रंगात रंगत, त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीला हा किडा हिंदुस्थानात हवा होता. मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची खास बागच वाढवली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या माणसाने रिओ दी जानेरोहून किडे कलकत्त्याला आणले. पण ते निघाले रानटी जातीचे. रंग हलका, उत्पन्न जेमतेम. निवडुंग मात्र त्यांनी फस्त केला. रंगासाठी आणलेला किडा रंगाच्या कामी आला नाही आणि तणाच्या मुळावर आला. १८३६ ते १८३८ च्या सुमारास तोच किडा दक्षिण भारतात मुद्दाम नेऊन सोडण्यात आला. किड्याकडून तण मारून घेण्याचा जगातला हा पहिला यशस्वी प्रयोग मानतात.

त्याने एक जात आटोक्यात आली, पण फड्याच्या दुसऱ्या जाती माजल्याच होत्या. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कोचिनील किडा आणला गेला आणि पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातली हजारो हेक्टर जमीन मोकळी झाली. माझे आजोळ पारनेर तालुक्यातले. आजी सांगायची की तिच्या लहानपणी गावाला फड्याचा वेढा होता, माणूस आडोशाला जायचा तर वाट शोधावी लागे. दुष्काळात काटे भाजून फडे गुरांना घालत, पोरे लाल बोंडे खाऊन ओठ रंगवून येत. मग एका वर्षी ‘फड्याला पांढरी आली’ आणि तो बघता बघता सडून गेला. आजीला ती देवीची करणी वाटे. मला नवापूरच्या रस्त्यावर जे दिसले ती तीच पांढरी होती. (ऑस्ट्रेलियाने याच कामासाठी कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग वापरला आणि क्वीन्सलंडमधल्या बुनार्गा गावच्या लोकांनी कृतज्ञता म्हणून आपल्या सभागृहाला त्या किड्याचे नाव दिले. आपल्याकडे किड्याच्या नावाने सभागृह निघणे अवघड आहे.) आता काळ उलटला आहे. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेसारख्या ठिकाणी बिनकाट्याचा फड्या कोरडवाहू भागात चारा म्हणून लावण्याचे काम चालते.

वाचताना एक गोष्ट खटकली. फड्या जर अमेरिकेतून आला, तर ‘निवडुंग’ हा शब्द त्याच्याआधी कोणासाठी होता? एक रिप्सॅलिस नावाची लोंबती जात सोडली, तर कॅक्टस कुळातली सगळी झाडे मुळात अमेरिका खंडातली आहेत. ती जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपसूक आढळते. म्हणजे कोलंबसच्या आधी आपल्याकडे कोणी फड्या पाहिलेला असणे शक्य नाही. आणि चरकसंहितेच्या कल्पस्थानात तर स्नुहीच्या चिकावर, म्हणजे निवडुंगाच्या दुधावर, एक अख्खा अध्याय आहे. तो निवडुंग वेगळा. त्रिधारी निवडुंग, आपल्या कोकणात वाडीच्या कडेने लावतात तो वई निवडुंग, आफ्रिकेतून येऊन इथलाच झालेला काडीसारखा शेर, ही सगळी युफोर्बिया कुळी. एरंडाची भावंडे. कॅक्टसशी त्यांचे दूरचेही नाते नाही. पाण्याची टंचाई दोघांना सारखी, म्हणून दोघांनीही पाने टाकली, खोड हिरवे आणि जाड केले, काटे काढले. दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळ्या घराण्यांनी एकच अंगरखा शिवला, असे म्हणता येईल.

ओळखायची खूण सोपी आहे. टाचणीने टोचा. दूध आले तर युफोर्बिया. हात डोळ्याला मात्र लावू नका, तो चीक डोळ्यात गेला तर डोळा दिवसभर उघडत नाही. दुसरी खूण काट्याच्या बुडाशी. कॅक्टसचे काटे कापसासारख्या एका लहान गादीतून येतात. तिला एरिओल म्हणतात, आणि ती गादी जगात दुसऱ्या कुठल्याही कुळात नाही. निवडुंगाच्या काट्यांच्या बहुधा जोड्या असतात, गादी नसते. या दोन खुणा कळल्या त्या दिवशी मी गच्चीवरच्या कुंड्या पुन्हा मोजल्या. कॅक्टस म्हणून घेतलेल्या झाडांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कॅक्टस नव्हताच.

आता गच्चीबद्दल. नवापूर समुद्राला लागून आहे. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस, तोही साडेतीन-चार महिन्यांत. ॲरिझोनातल्या टुसान शहराभोवती ते उंच हात उभारलेले सग्वारो कॅक्टस आहेत, तिथे वर्षभरात जेमतेम तीनशे. इतका पाऊस आपल्याकडे जुलैच्या एका वाईट दिवशी पडून जातो. असे असताना येथे कॅक्टस पाळणे म्हणजे उंट होडीत बसवण्यासारखे आहे असे माझा धाकटा भाऊ म्हणे. मी कालिंपाँगच्या रोपवाटिकांतून टपालाने रोपे मागवू लागलो होतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मुळे झाडून कोरडी केलेली ती रोपे आठ-दहा दिवस प्रवास करून येत आणि तरी जिवंत असत. पहिल्या पावसाळ्यात मी त्यांना उघड्यावर ठेवले. ऑगस्टपर्यंत चाळीस गेली. वरून हिरवेगार दिसणारे झाड हात लावताच बुडापासून निखळून हातात येई, आतून शिजल्यासारखे.

दुसऱ्या वर्षी पारदर्शक पत्र्याचे छप्पर केले, चारी बाजू मोकळ्या. माती बदलली. इथे वाळू म्हटली की समुद्राची. तिच्यातले मीठ कितीही धुतले तरी शंका राहते, म्हणून ती वर्ज्य केली. खडी केंद्रावरची बारीक कच चाळून, धुवून घेतली. विटांचा चुरा, थोडा कोळसा, जुने पानखत मुठीने मोजून. कुंडीत ओतलेले पाणी दहा आकड्यांच्या आत खालून वाहून गेले पाहिजे, ही माझी मोजपट्टी. बोअरचे पाणी खारट, ते दिल्यास मातीवर पांढरी साय येते. म्हणून छपरावरचे पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच उन्हाळ्यात घालू लागलो. ज्या पावसाने झाडे मारली, त्याच्याइतके चांगले पाणी त्यांना दुसरे नाही. प्रश्न पाण्याचा नव्हता, ते मुळाशी थांबून राहण्याचा होता.

एवढे करून मी निर्धास्त झालो आणि तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, पावसाचा थेंब पडण्याआधी, छपराखालची झाडे मरू लागली. रेब्युशिया नावाची लहान, चेंडूसारखी, भडक फुलांची जात मी हौसेने जमवली होती. अकरा कुंड्या होत्या, सगळ्या गेल्या. कूज नाही, कीड नाही. झाडे आक्रसत गेली आणि एक दिवस पोकळ झाली. वाळवंटातली झाडे उन्हाने मरतात हे मला पटेना. आमच्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ३४-३५ च्या आसपास असतो, नागपूरच्या मानाने ते काहीच नाही.

उत्तर मिळाले ते एका जुन्या पत्रात, आणि तेही आपल्याच देशातून लिहिलेल्या. बेंजामिन हेन हा कंपनीच्या नोकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण हिंदुस्थानात होता. त्याने पानफुटीची पाने चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारपर्यंत बेचव झाली आणि संध्याकाळी किंचित कडवट. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले आणि ते १८१५ मध्ये छापून आले. कारण कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. इतर झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवा घेतात, पण त्यात पाणी उडून जाते. पानफुटी, कॅक्टस, घायपात, अननस यांनी वेळ बदलली. ती रात्री रंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे आम्ल करून साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, त्या साठ्यावर उन्हाच्या मदतीने अन्न करतात. पहाटे पान आंबट लागते ते या साठ्यामुळे.

मी वाचून स्वस्थ बसणारा नव्हतो. पानफुटी आमच्या विहिरीच्या कठड्यावर होती. पहाटे पाळीवरून आल्यावर एक पान, दुपारी झोपेतून उठल्यावर एक पान, असे आठवडाभर चावले. आंबटपणाचा फरक जिभेला स्पष्ट कळतो, कोणीही करून पाहावे. पण पाने वाटून प्रयोगशाळेतल्या रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा एक बारीक गोष्ट ध्यानात आली. जानेवारीच्या थंड पहाटे कागद जेवढा लाल होई, तेवढा मे महिन्याच्या पहाटे होत नसे.

तेच माझ्या रेब्युशियांचे मरण. त्या बोलिव्हिया आणि अर्जेंटिनातल्या अँडीज पर्वतातल्या, दोन-तीन हजार मीटर उंचीवरच्या. तिथे दिवस तापतो, पण रात्र बोचरी थंड असते. थंड रात्री झाड निवांत साठा करते. नवापुरात मे महिन्यात रात्रीचा पारा २७ च्या खाली क्वचित उतरतो, समुद्र उतरू देत नाही. अशा रात्री झाडाचा श्वसनावरचा खर्च वाढतो आणि साठा पुरेसा होत नाही. जमा कमी, खर्च जास्त. महिनाभर हे चालले की गाठीची पुंजी संपते. वाळवंट म्हणजे ऊन आणि वाळू हे आपले चित्र अर्धेच आहे. त्यात थंड रात्र हवी. माझ्याकडे ऊन होते, छपरामुळे पाऊस अडवलेला होता, पण रात्र मला विकत आणता येत नव्हती. कालिंपाँगला ती हिमालयाच्या कुशीत फुकट मिळते. पंचकुल्याच्या, जे. एस. सरकारिया यांनी उभारलेल्या राष्ट्रीय कॅक्टस उद्यानाला ती निदान हिवाळ्यात मिळते.

हे कळल्यावर मी यादी उलटी वाचायला लागलो. झाड दिसते कसे, हे बाजूला ठेवून ते जन्मले कुठे आणि तिथली रात्र कशी असते हे पाहू लागलो. असे शोधता शोधता मेलोकॅक्टस सापडला. कॅरिबियन बेटे आणि ब्राझीलचा किनारा हे त्याचे घर. समुद्राकाठच्या खडकांत, खाऱ्या वाऱ्यात, उबदार रात्रीत तो वाढतो. वयात आला की डोक्यावर लालसर लोकरीची टोपी धरतो. या तुर्की टोपीवरूनच टर्क्स बेटांना ते नाव पडले आहे. कॅक्टसप्रेमींच्या पुस्तकांत त्याला अवघड म्हणतात, कारण ती पुस्तके थंड देशांत लिहिलेली आहेत आणि त्याला थंडी सोसत नाही. नवापुरात तो छपराखाली, इतर कोणत्याही कॅक्टसपेक्षा कमी लाड करून, सतरा वर्षे जगला आहे. टोपीतून डोकावणारी त्याची गुलाबी, मिरचीएवढी फळे आमच्या घरातली पोरे पळवतात.

आणि जो कॅक्टस इथल्या उघड्या पावसातही सुखाने राहतो, तो तर मी जन्मापासून पाहत होतो. पावसाळ्यात एखाद्या रात्री शेजारणीचा निरोप येतो, आज फुलणार आहे, या. नऊ-दहाच्या सुमारास पांढरी, तळव्याहून मोठी कळी उमलू लागते, कोणी निरांजन ओवाळते, हळदकुंकू लावते, फोटो निघतात, पहाटेपर्यंत फूल मान टाकते. आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो. हिमालयातले ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया, सूर्यफुलाच्या कुळातले. हे घरचे ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या ओल्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढणारा कॅक्टस. ज्याला आपण पान म्हणतो ते चपटे खोड आहे. त्याच्या खाचांत नीट पाहिले तर एरिओलची खूण दिसते, फूल तिथूनच निघते. ड्रॅगन फ्रूट हा त्याचाच नातलग. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याचे नाव ‘कमलम’ केले. म्हणजे दोन कॅक्टस आपण कमळे म्हणून वाढवतो आहोत आणि जो निवडुंग म्हणून टाळतो तो कॅक्टस नाही. शेजारणीला मी हे एकदा सांगितले. ती म्हणाली, “असेना. तुमच्या त्या काटेऱ्या चेंडूंची आरती तरी कोणी करतं का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

नावांची अशीच उलथापालथ बाभळीच्या बाबतीत झाली आहे आणि ती अधिक बोचणारी आहे. कॅक्टसनंतर मी बाभळीच्या कुळाकडे वळलो, कारण ही झाडे बियांपासून कुंडीत वाढवणे सोपे. बी टणक असते. उकळते पाणी ओतून ते रात्रभर तसेच निवू द्यायचे, सकाळी फुगलेले बी तेवढे पेरायचे. शेळ्या हेच काम पोटात करतात, म्हणून शेळ्या बसतात तिथे बाभळी उगवतात. सोटमूळ फार लवकर खाली धावते, त्यामुळे उंच, अरुंद कुंडी हवी. मी पाण्याच्या नळाचे फूटभर तुकडे कापून वापरतो.

ॲकेशिया हे वंशनाव फिलिप मिलरने १७५४ मध्ये दिले. मूळ ग्रीक शब्द इजिप्तमधल्या काटेरी झाडाचा. ती नाईलकाठची बाभूळ, म्हणजे आपलीच. वंशाचा नमुना म्हणून ठरवलेली जातही आपली बाभूळच होती. पुढे या वंशात तेराशेहून अधिक जाती गोळा झाल्या, त्यांतल्या हजारभर ऑस्ट्रेलियातल्या. सगळा पसारा खरे तर एका घराण्याचा नाही हे सिद्ध झाल्यावर वाटणीची वेळ आली. नियम सांगतो, नमुना जिकडे, नाव तिकडे. पण मग ऑस्ट्रेलियातल्या हजार जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुनाच बदलण्याचा निर्णय झाला, त्यावर पुष्कळ भांडण झाले आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला. ॲकेशिया नाव ऑस्ट्रेलियाकडे गेले. आपली बाभूळ आता वॅचेलिया निलोटिका. वॅचेल हा मकावमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री होता. म्हणजे आपल्या बांधावरच्या झाडाचे नाव आता चीनच्या किनाऱ्यावरच्या एका पाद्र्याचे आणि आडनाव इजिप्तच्या नदीचे. हिवरही वॅचेलिया, खैर आणि शिकेकाई सेनेगालिया. सोयीचा हिशेब म्हणून निर्णय समजतो. तरी ज्या झाडावरून नाव आले त्याच झाडाला त्या नावातून बाहेर काढणे हे मला अजून पचलेले नाही.

आणि ॲकेशिया नावाला आता हक्काने पात्र असलेले झाड आमच्या भागात कोणते? ज्याला सगळे ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात ते. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्याकडेला सरसकट लावले गेले. काटा नाही, चारा नाही, आणि पाने वाटतात ती पानेही नाहीत. ते चपटे झालेले देठ आहेत. हे पुस्तकात वाचून कळते, पटत नाही. पटवायचे तर एक बी कुंडीत लावावे. रोपाची पहिली दोन-चार पाने थेट बाभळीसारखी, पिसांची, बारीक दलांची येतात. मग एखादे पान असे येते की टोकाला पिसे आहेत पण देठ रुंदावला आहे. पुढच्यात देठ आणखी रुंद, पिसे आणखी थोडी. सहाव्या-सातव्या पानापर्यंत पिसे संपतात आणि कोयत्यासारखा देठ तेवढा उरतो. महिना-दीड महिन्यात ते रोप आपले कूळ दाखवून पुन्हा झाकून घेते. मी शाळेतल्या मुलांना काही दाखवायचे असेल तर कॅक्टस नेत नाही, हे रोप नेतो.

खैराबद्दल दोन शब्द, कारण तो इथला आहे. बोईसरला खैरापाडा आहेच. खैराच्या लाल गाभ्याचे तुकडे उकळून कात काढतात. ते करणारे म्हणून कातकरी. आज त्या जमातीचे नाव राहिले आहे आणि तो धंदा हातातून गेला आहे. कात फक्त विड्यात जात नसे. नायलॉन येण्यापूर्वी सुताची आणि सणाची जाळी खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून कातात किंवा झाडांच्या सालींच्या काढ्यात भिजवत. साऱ्या जगातले मच्छीमार शिडांना आणि जाळ्यांना तो तपकिरी रंग देत. सालीतले टॅनिन धाग्यावर बसते आणि कुजवणारे जीव त्याला लागत नाहीत. आमच्या गावात किनाऱ्यावर मोठ्या भांड्यात साल उकळत असल्याची आठवण सांगणारी म्हातारी माणसे मला भेटली आहेत. त्या वासाने जेवण जात नसे, असे त्यांतल्या एकीने सांगितले. समुद्रात जाणाऱ्या जाळ्याला जंगलातले झाड लागत होते, तेव्हा ते जंगलात राखले जाण्याला एक कारण होते. आता खैर चोरट्या तोडीत जातो.

संग्राहकाची भूक हा विषय मी शेवटी ठेवला, कारण तो टाळावासा वाटतो. जगातला जवळजवळ सगळा कॅक्टस साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात १९७५ पासून आहे. रानातून उपटलेल्या झाडाच्या व्यापारावर त्याने बंधन येते. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या जाती आल्या. हे सगळे दूरच्या मेक्सिकोतल्या चोरांसाठी आहे असे मला वाटे. पण दुर्मीळ रसाळ झाडे आपल्याही डोंगरांत आहेत. माकडशिंग आहे. आणि शिंदळ माकुडी आहे, फक्त सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर, शिवनेरी आणि पुरंदरच्या परिसरात, बाकी जगात कुठेच नाही. डाल्झेलने १८६५ च्या सुमारास तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका असे नाव दिले. तिच्या नातलगांना पाने नसतात, हिला असतात. उन्हाळ्यात ती पाने टाकून नुसते मांसल खोड उरते, पावसात पुन्हा पालवते आणि ऑगस्टपासून पुढे तांबडी, पिवळ्या खुणांची, चांदणीसारखी फुले येतात. परागीभवन माश्या करतात.

वीस वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका गिर्यारोहकाने ओल्या रुमालात गुंडाळून एक तुकडा आणून दिला. मुळासकट होता. कुठून आणला हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते हे मला त्या क्षणी माहीत होते, आणि म्हणूनच विचारले नाही. मी पैसे दिले. त्याने घेतले. कड्यावरच्या मोजक्या झाडांपैकी एक कमी झाले आणि माझ्या गच्चीवर एक वाढले. ही जात फांदीच्या तुकड्यापासून सहज लागते. मुळे ओढायची काहीच गरज नव्हती, हे तर मला नंतर कळले. पुढे शिवनेरीवर गेलो तेव्हा दुर्बिणीने कडे न्याहाळले. एका खबदाडीत हिरवा झुबका दिसला, त्याच्या शेजारची खबदाड रिकामी होती. तिथे कधी काही होते की नव्हते, हे मी कोणाला विचारणार?

त्यानंतर मी रानातले झाड घेतले नाही. बियांपासून किंवा ओळखीच्या बागेतल्या फांदीपासून वाढलेलेच घेतो. आणि कुंडीवर पाटी लावताना नावाआधी मूळ ठिकाण लिहितो, कारण नावे व्हिएन्नाला बदलतात आणि शेजारणीकडे कमळ होतात. गावाचे किंवा डोंगराचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तिथल्या उन्हाळी रात्रीचे तापमान. मेलोकॅक्टसच्या पाटीवर ‘ब्राझील, किनारा, २४’ आहे. खैराच्या पाटीवर मनोरजवळच्या एका पाड्याचे नाव आहे. माकुडीच्या पाटीवर पहिली ओळ कोरी आहे.

तिच्या फांद्यांपासून केलेली नऊ रोपे मी मागणाऱ्यांना वाटली, त्यांतली सहा जगल्याचे कळते. मूळ रोपाला यंदा सप्टेंबरात सात फुले आली. माश्या येऊन गेल्या, शेंग धरली नाही.